लॅबर्नमच्या पानांपासून सिटिसिनच्या गोळीपर्यंत

वैशाखात आपल्याकडे बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो, तसंच युरोपात मे-जूनच्या सुमाराला लॅबर्नम फुलतं. दोन्ही झाडं दिसायला इतकी सारखी की इंग्रजीत बहाव्याचं एक नाव ‘इंडियन लॅबर्नम’ असंच आहे. साम्य तेवढंच. बहाव्याच्या शेंगेतला गर पोट साफ व्हायला देतात. लॅबर्नमच्या बिया मात्र विषारी. त्या विषाचं नाव सिटिसिन. सिगारेट-बिडी सोडवणाऱ्या वनस्पतिजन्य औषधांत सर्वांत भक्कम पुरावा आज याच द्रव्यामागे आहे.

दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेनाशी झाली तेव्हा सैनिक लॅबर्नमची पानं ओढत, असं सांगतात. तलफ भागायला कारणही होतं. सिटिसिन शरीरात निकोटिनसारखंच वागतं, हे हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९१२ सालीच दाखवलं होतं. मेंदूत निकोटिन जिथे जाऊन चिकटतं तिथेच हेही चिकटतं. त्याने तलफ थोडी शमते आणि जागा अडून राहते, म्हणून वरून सिगारेट ओढली तरी पूर्वीसारखी मजा येत नाही. बल्गेरियात १९६४ मध्ये ‘टॅबेक्स’ नावाने याच्या गोळ्या निघाल्या आणि पूर्व युरोपात वर्षानुवर्षं खपल्या. पश्चिमेकडे मात्र कित्येक दशकं त्यांची फारशी दखलच घेतली गेली नाही. त्या काळात किती माणसं उगाच गेली असतील, याची मला खरोखर खंत वाटते.

याउलट लोबेलियाची कथा. उत्तर अमेरिकेतल्या या वनस्पतीला ‘इंडियन टोबॅको’ म्हणत. तिच्यातलं लोबेलिन निकोटिनसारखं भासतं, म्हणून १९३०च्या दशकापासून त्याच्या गोळ्या सिगारेट सोडण्यासाठी वापरात आल्या. उपयोग सिद्ध झाला नाही, आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या दुकानांतून हटवल्या. हिचीच एक बहीण सह्याद्रीत उगवते: देवनळ, म्हणजे रानतंबाखू. तीही विषारी आहे. तिचा काढा कोणी घरी करू नये. आणि ‘हर्बल’ बिडीत तंबाखू नसली तरी जळणाऱ्या पाल्याच्या धुरातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसात जातातच.

सिटिसिनचं नशीब फळफळलं ते उशिरा. त्याच्याच रचनेवरून घडवलेलं व्हॅरेनिक्लिन हे सिगारेट सोडवणारं औषध २००६ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. मग २०११ मध्ये पोलंडमधल्या वॉर्सात झालेली सिटिसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ७४० जण होते. वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेले सिटिसिन घेणाऱ्यांत ८.४ टक्के, तर औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २.४ टक्के. आकडा छोटा वाटेल, पण ज्याने दहा वेळा सोडून पुन्हा धरली आहे त्याला त्याची किंमत कळेल. २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या चाचणीत ते निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगम अशा उपचारापेक्षा सरस ठरलं, आणि जुलै २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखू सोडवण्याच्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस केली. गोळी दीड मिलिग्रॅमची, मूळ कोर्स २५ दिवसांचा: पहिले तीन दिवस रोज सहा गोळ्या, मग हळूहळू कमी, आणि पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट बंद.