इंधनांतील लेशमात्र विषारी धातूंचे मापन

पेट्रोल, डिझेल, नॅफ्था, फर्नेस ऑइल यांसारख्या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनांत शिसे, पारा, आर्सेनिक, व्हॅनेडियम, निकेल हे धातू किती आहेत ते ठरवण्याची रासायनिक विश्लेषणाची शाखा. (आर्सेनिक खरे तर उपधातू, पण प्रयोगशाळेत तो याच पंगतीला बसतो.) प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे किलोमागे मिलिग्रॅममध्ये, किंवा त्याच्या हजाराव्या हिश्शात, पीपीबीत सांगतात.

धातूंचा उगम : व्हॅनेडियम व निकेल मुळात क्रूडमध्येच, म्हणजे कच्च्या तेलातच, असतात आणि त्यांतला बराच भाग पॉर्फिरिन या संयुगांत अडकलेला असतो. हरितद्रव्याशी नाते सांगणारी ही संयुगे जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेट ट्राइब्स यांनी १९३० च्या दशकात तेलात शोधली. तेल सजीवांपासून बनले याचा तो मोठा पुरावा ठरला. ऊर्ध्वपातनात हे धातू तळाच्या जड अवशेषात साठतात. त्यामुळे फर्नेस ऑइलमध्ये व्हॅनेडियम शंभर पीपीएमच्याही वर जाऊ शकतो, पेट्रोलमध्ये मात्र जवळजवळ नसतोच. गॅस टर्बाइनला तो ०.५ पीपीएमपेक्षा जास्त सहसा चालत नाही, कारण त्याचे ऑक्साइड सुमारे ६९० अंश सेल्सियसला वितळून पाती खाते. पारा हलक्या भागांत जातो. नॅफ्थातला आर्सेनिक रिफॉर्मरमधले (नॅफ्थापासून पेट्रोलचे घटक बनवणाऱ्या संयंत्रातले) प्लॅटिनमचे उत्प्रेरक निकामी करतो. शिसे मात्र माणसानेच पेट्रोलात घातले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाली. आता मर्यादा लिटरला ०.००५ ग्रॅम आहे.

बडोदे : बडोद्याजवळची कोयलीची रिफायनरी सोव्हिएत साहाय्याने उभी राहिली आणि १९६५ मध्ये सुरू झाली. सुरुवातीला गुजरातच्याच विहिरींचे तेल होते. पुढे सलाया बंदराहून पाइपलाइनने परदेशी क्रूडही येऊ लागले. क्रूड बदलले की धातूंचा हिशेबही बदलतो. शहराला रसायनाचे वळण त्याआधीच लागले होते. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनातूनच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा झाली. दांडिया बाजार, रावपुरा इथल्या मराठी घरांतल्या मुलांनाही मग केमिस्टची नोकरी गावातच मिळू लागली.

नमुना : यंत्र कितीही महागडे असो, आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा यंत्रापाशी पोचण्याआधी. टाकीच्या तळाशी गंजाचे कण व पाणी असते, म्हणून नमुना कोणत्या पातळीवरून घेतला ते बाटलीवर लिहिलेले नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ. बाटली आम्लाने धुतलेली हवी. पारा प्लॅस्टिकमध्ये जिरतो, भिंतींना चिकटतो, उडूनही जातो. त्यासाठी काच बरी. मे महिन्यातल्या बडोद्यात तापमान ४० अंशांच्या वर असताना पेट्रोलचा नमुना उघडा राहिला, तर हलका भाग उडून शिल्लक राहिलेल्यात शिसे वाढल्यासारखे दिसते. म्हणून नमुना थंड ठेवतात आणि मापून घेण्याऐवजी तोलून घेतात.

पूर्वी तेल जाळून राख करत आणि ती आम्लात विरघळवत. व्हॅनेडियमला ही रीत चालते, पण पारा व आर्सेनिक धुरासोबत निघून जातात. आता बंद भांड्यात नायट्रिक आम्लासह मायक्रोवेव्हने पचवतात. वेळ वाचवायचा तर तेल झायलीनमध्ये पातळ करून सरळ यंत्रात सोडतात. मग तुलनेचे प्रमाण-द्रावणही तेलात विरघळणाऱ्या धातुसंयुगाचे लागते. पाण्यात विरघळणारे क्षार इथे उपयोगाचे नाहीत. पेट्रोलातल्या शिशासाठी जुनी युक्ती अजून टिकून आहे. वेगवेगळी शिसे-अल्किले (पेट्रोलात घातलेली शिशाची सेंद्रिय संयुगे) ज्योतीत वेगवेगळा प्रतिसाद देतात, म्हणून आधी आयोडीन घालून सगळ्यांना एका रूपात आणतात आणि मग अणुशोषण यंत्रावर, म्हणजे धातूचे अणू किती प्रकाश शोषतात ते मोजणाऱ्या यंत्रावर, २८३.३ नॅनोमीटर तरंगलांबीला वाचन घेतात. ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलेली ही अणुशोषणाची पद्धत लहान प्रयोगशाळांना आजही परवडते.

प्लाझ्मा यंत्रे : आयसीपीत (इंडक्टिव्हली कपल्ड प्लाझ्मा) आर्गॉनच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त आयनीभूत वायूत, अनेक धातू एकदम मोजता येतात. झायलीन आत गेले की प्लाझ्मा हिरवट होतो, तो कार्बनच्या जोड-अणूंचा रंग. थोडा ऑक्सिजन सोडला नाही तर काजळी धरते. पाऱ्यासाठी वेगळे उपकरण असते. त्यात नमुना तापवून निघालेला पारा सोन्यावर धरतात, पुन्हा तापवून सोडतात आणि २५३.७ नॅनोमीटरला मोजतात.

प्रत्येक फेरीत कोरे द्रावण, म्हणजे ब्लँक, चालवावेच लागते; पीपीबीच्या पातळीवर द्रावकातला, हातमोज्यांतला, हवेतला धातूही आकड्यात मिसळतो. आयसीपीला द्रव्यमान वर्णपटमापक (आयन वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणारे उपकरण) जोडला की आणखी एक घोटाळा होतो. आर्गॉन ४० आणि कार्बन १२ एकत्र येऊन ५२ वस्तुमानाचा आयन होतो, आणि क्रोमियमचे मुख्य समस्थानिकही ५२ च आहे. इंधनात क्रोमियम अवाच्या सवा निघाला, तर अनुभवी केमिस्ट रिफायनरीला फोन करण्याआधी क्रोमियमच्या दुसऱ्या समस्थानिकासाठी ५३ वर वाचन घेऊन पाहतो.