प्रोपेलरची पिच बसवणे

हलक्या विमानाच्या इंजिनाची शक्ती पुरेपूर वापरली जावी, पण त्यावर अवाजवी भार पडू नये, अशा बेताने प्रोपेलरच्या पात्यांचा कोन ठरवण्याच्या कामास पिच बसवणे म्हणतात. प्रोपेलर घन माध्यमात मळसूत्रासारखा शिरत गेला तर एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल, ते अंतर म्हणजे त्याची भौमितिक पिच. सेसना १५२ या प्रशिक्षण विमानावरील मॅककॉली प्रोपेलरच्या क्रमांकातले ‘६९५८’ हे आकडे ६९ इंच व्यास आणि ५८ इंच पिच दर्शवतात. मिनिटाला २,५५० फेऱ्यांना या हिशेबाने ताशी सुमारे २२५ किमी वेग येतो. प्रत्यक्षात समुद्रसपाटीला विमानाचा कमाल वेग ताशी २०४ किमीच्या आसपासच राहतो, कारण हवा घन नसल्याने घसर पडते, म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात पिचपेक्षा कमी पुढे सरकतो.

असा अखंड धातूचा प्रोपेलर अधिकृत कार्यशाळेतच वाकवून घ्यावा लागतो. मायक्रोलाइट (अतिहलक्या) आणि हौशी बांधणीच्या विमानांवर मात्र जमिनीवर कोन बदलता येणारे प्रोपेलर सर्रास असतात. त्यांच्या जोडीला बहुधा दिसणारे रोटॅक्स ९१२ यूएलएस हे १०० अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ५,८०० फेऱ्यांवर जास्तीत जास्त पाच मिनिटे आणि ५,५०० फेऱ्यांवर सतत चालवता येते, २.४३ : १ च्या गिअरबॉक्समुळे प्रोपेलर त्या वेळी अनुक्रमे सुमारे २,३९० आणि २,२६० फेरे घेतो.

कोन कमी ठेवला की इंजिन मोकळे फिरते, धावपट्टी कमी लागते आणि चढ चांगला मिळतो, पण सरळ उड्डाणात फेरे मर्यादेबाहेर जाऊ पाहतात. हा दोष टॅकोमीटरवर, म्हणजे फेरे दाखवणाऱ्या मापकावर, लगेच दिसतो. कोन जास्त झाला तर थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडूनही फेरे चढत नाहीत, इंजिन वरकरणी शांत वाटते, आणि आत सिलिंडरमधले दाब व तापमान वाढत राहते; म्हणून ही चूक अधिक घातक समजावी.

कामाआधी इग्निशन बंद करून चाकांना अडण्या लावतात. एक पाते आडवे आणून, टोकापासून ठरावीक अंतरावर खूण करून तेथे डिजिटल कोनमापक ठेवतात. पुढचे पाते त्याच जागी आणताना रोटॅक्सचा प्रोपेलर उलटा फिरवायचा नसतो, कारण त्याने तेलाच्या मार्गात हवा शिरू शकते. हबचे (पाती ज्यात बसवलेली असतात त्या मधल्या भागाचे) बोल्ट सैल करून पाते हाताने वळवतात आणि बोल्ट आळीपाळीने, निर्मात्याने दिलेल्या टॉर्कपर्यंत (पिळाच्या जोरापर्यंत) आवळतात. आवळताना पाते किंचित सरकतेच, त्यामुळे कोन पुन्हा मोजणे ऐच्छिक नाही. पात्यापात्यांत अंशाच्या काही दशांशांचाही फरक राहिला तर विमान थरथरते, आणि दोष नाहक संतुलनाच्या माथी मारला जातो.

यानंतर विमान जागेवरून हलू नये म्हणून जमिनीला बांधून पूर्ण थ्रॉटलवर फेरे पाहतात. हा आकडा अंतिम मानण्याची सवय चुकीची आहे: वेग वाढताच पात्यावर येणाऱ्या हवेचा आपात कोन (हवा पात्याला ज्या कोनात भिडते तो) घटतो, भार हलका होतो आणि फेरे काही शेंनी वाढतात. खरा निकाल सरळ उड्डाणात, पूर्ण थ्रॉटलवर लागतो. तेथे ९१२ यूएलएसचे फेरे साधारण ५,५०० ते ५,८०० दरम्यान स्थिरावले, तर पिच जमली असे समजतात. त्यापेक्षा कमी भरले तर कोन अर्धा-एक अंश उतरवून, जास्त भरले तर तेवढाच चढवून, मोजणी आणि चाचणी पुन्हा केली जाते.