लोणी व चीज : भारतातील उत्पादन, निर्यात आणि कोल्हापूर

दूध उत्पादनात भारत १९९८ पासून जगात पहिला आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध निघाले, म्हणजे जगातल्या दुधाचा जवळपास चौथा हिस्सा. तूप धरून मोजले तर लोण्यातही भारताचाच पहिला क्रमांक लागतो. निर्यातीत मात्र लोण्यासाठी न्यूझीलंडचे आणि चीजसाठी युरोपीय संघाचे नाव घेतले जाते. भारताचा वाटा किरकोळ आहे. इथले दूध बहुतांशी इथेच संपते आणि परदेशी जाते ती शिल्लक. त्यामुळे या निर्यातीचा आलेख दरवर्षी वर-खाली होतो, आणि त्याचे हेलकावे कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात थेट गोठ्यापर्यंत पोहोचतात.

कोल्हापूरचा दूधधंदा सहकारावर उभा आहे. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ मध्ये स्थापन झाला. वारणानगरचा दूध संघ तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारातून १९६८ मध्ये उभा राहिला. या संघांचा पाया म्हणजे गावोगावच्या दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ संस्थेच्या दारात किटल्या घेऊन रांग लागते. दूध मापून झाले की त्यातला नमुना यंत्रात जातो आणि पावतीवर लिटर, फॅट (स्निग्धांश), एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले इतर घनपदार्थ) व दर छापून येतो. दर दहा दिवसांनी बिल निघते, दिवाळीच्या तोंडावर वर्षाच्या दरातला फरक मिळतो. म्हशीच्या दुधाला फॅट सहा टक्क्यांच्या वर लागते, गायीच्या दुधाला साडेतीनच्या आसपास. दर प्रामुख्याने फॅटवर ठरत असल्याने उत्पादकाच्या हातात पडणारा पैसा बऱ्याच अंशी लोण्याचाच असतो, मग त्याचे दूध पिशवीतून मुंबईला गेलेले का असेना.

कोल्हापूरची खरी ताकद म्हैस आहे. शहरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर आजही गिऱ्हाइकासमोर म्हैस पिळून धारोष्ण दूध दिले जाते. पंढरपुरी जातीची म्हैस घरापासून दूर, वेळी-अवेळीही पान्हा सोडते, म्हणून हा रिवाज टिकला. म्हशीच्या दुधातले स्निग्धकण आकाराने मोठे असल्याने लोणी लवकर सुटते आणि ते कढवले की तूप रवाळ होते. या दुधात कॅरोटिन जवळजवळ नसते, म्हणून लोणी पांढरेशुभ्र निघते. बाजारातल्या मीठ घातलेल्या पिवळ्या बटरमध्ये त्यासाठी रंग घालावा लागतो. साडेसहा फॅटच्या शंभर लिटर म्हशीच्या दुधातून साधारण आठ किलो लोणी मिळते, गायीच्या तेवढ्याच दुधातून साडेचार किलोच्या आसपास.

लोणी काढल्यावर उरलेल्या स्निग्धांशरहित दुधाची पावडर करतात. शंभर लिटरमागे ती साडेआठ-नऊ किलो भरते, म्हणजे वजनाने लोण्याहून जास्त. ही जोडी तुटत नाही. लोण्याला कितीही उठाव असला तरी पावडर गोदामात पडून राहिली तर प्रकल्पाचा पैसा अडकतो आणि दूध खरेदीचा दर खाली येतो. फेब्रुवारी २०११ मध्ये पावडरीच्या निर्यातीवर आलेली बंदी जून २०१२ पर्यंत चालली. पुढे जागतिक बाजारात पावडरीचे भाव पडले आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रात गायीच्या दुधाचा दर कोसळला. त्या जुलैत स्वाभिमानी शेतकरी संघटनेने राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली दूध रोखले. शेट्टी याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याचे. अखेर लिटरला किमान २५ रुपये दर देण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. देशात टंचाई दिसताच निर्यात बंद आणि साठे वाढले की अनुदान, या धोरणाची झळ दर वेळी उत्पादकाला बसली. परदेशी गिऱ्हाईक जोडायला वर्षे लागतात. एका अधिसूचनेने ते तुटते.

अलीकडची वर्षे हेच दाखवतात. जगात लोण्याचे भाव चढे असताना २०२१-२२ मध्ये भारतातून सुमारे १.०८ लाख टन दुग्धपदार्थ बाहेर गेले. त्यात लोणी व तुपाचा वाटा मोठा होता. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग पसरला. त्याचा तडाखा म्हशींपेक्षा गायींना जास्त बसला. त्या हिवाळ्यात देशातच लोण्याची चणचण भासली आणि एप्रिल २०२३ मध्ये गरज पडल्यास लोणी-तूप आयात करण्याची भाषा केंद्रातून ऐकू आली. शरद पवार यांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहून त्याला विरोध केला. निर्यात २०२३-२४ मध्ये सुमारे ६३,७०० टनांवर होती, किंमत सुमारे २,२६० कोटी रुपये. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, अमेरिका व भूतान हे प्रमुख ग्राहक. आखातात आणि अमेरिकेत जाणाऱ्या तुपामागे तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांची मोठी मागणी आहे. उलट दिशेने, बाहेरच्या स्वस्त लोण्यापासून इथल्या उत्पादकाला आयात शुल्काचे संरक्षण आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत ‘आरसेप’ या आशिया-प्रशांत देशांच्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला. त्यामागे न्यूझीलंडच्या दुग्धपदार्थांची भीती हे एक महत्त्वाचे कारण होते, आणि ती भीती रास्त होती: दोन-चार जनावरांचा गोठा तिथल्या शेकडो गायींच्या कळपाशी किमतीत बरोबरी करू शकत नाही.

चीजची गोष्ट वेगळी. भारतात ते मुख्यतः प्रक्रिया केलेले चीज आणि पिझ्झासाठीचे मोझरेला या दोन रूपांत खपते, खप वाढतो आहे आणि निर्यात अजून थोडी आहे. महाराष्ट्रात मंचर आणि बारामती ही त्याची मोठी केंद्रे. दोन्ही पुणे जिल्ह्यातली आणि गायीच्या दुधावर चालणारी. मुरवलेल्या चीजसाठी म्हशीचे दूध अवघड जाते. ते कोरडे, घट्ट बनते आणि मुरायला जास्त वेळ घेते. मोझरेला मात्र इटलीत मुळात म्हशीच्याच दुधाचे करतात, तेव्हा कोल्हापूरला इथे वाव आहे. दहा लिटर गायीच्या दुधातून किलोभर चीज निघते आणि नऊ लिटरच्या आसपास निवळी (चीज वेगळे केल्यावरचे पाणी) उरते. तिची भुकटी करण्याची सोय नसेल तर हा धंदा परवडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लोणी, तूप व चीजवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा लाभ देशांतर्गत खपाला.

युरोपीय संघाची बाजारपेठ भारतीय दुग्धपदार्थांना खुली नाही. तिथले पशुआरोग्याचे आणि औषधांच्या अवशेषांच्या तपासणीचे निकष कडक आहेत, आणि लाळ्या खुरकूत हा जनावरांचा संसर्गजन्य रोग त्यातला मोठा अडसर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गायी-म्हशींना या रोगाची लस वर्षातून दोनदा टोचली जाते, आणि तिची नोंद जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावरील १२ अंकी क्रमांकावर होते.