धामण (कोल्हापूर परिसर)

कोल्हापूर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात हमखास भेटणारा मोठा, बिनविषारी साप. शास्त्रीय नाव टायस म्युकोसा. पूर्ण वाढलेली धामण साधारण 2 मीटर भरते, काही त्याहून लांब असतात. रंग पिवळसर, तपकिरी किंवा काळपट. उंदीर हे आवडते खाद्य. शिवाय बेडूक, सरडे, पाखरांची पिल्ले. त्यामुळे उसाचा फड, बांधावरची बिळे, गुऱ्हाळाजवळची चिपाडाची रास, शेणीचा हुडवा (रचलेला ढीग) आणि गोठ्यामागची गवताची गंज या तिच्या ठरलेल्या जागा. ती दिवसा फिरते, म्हणून माणसाच्या नजरेस जास्त पडते आणि जास्त मारलीही जाते.

इकडे सापाचे नाव घेणे टाळून ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात; चावा झाला तर ‘पान लागलं’. धामणीभोवतीचे समज भरपूर आहेत. ती म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हा सर्वांत पक्का. सापाच्या जबड्याची घडण ओढून पिण्याची नाही, आणि आत वळलेल्या दातांच्या रांगा आचळाला लागल्यावर कोणती म्हैस उभी राहील? गोठ्यात ती येते पेंडीच्या पोत्यामागच्या उंदरांसाठी. धामण ही नागाची मादी, हाही असाच समज. नाग आणि धामण वेगळ्या जातींचे. दोन्हींत नर-मादी असतात. विणीच्या काळात अर्धे अंग उचलून एकमेकांना पीळ घालणारी ‘जोडी’ बहुतेक वेळा ताकद आजमावणाऱ्या दोन नर धामणींची असते.

नाग समजून तिला मारतात, तेव्हा ओळख महत्त्वाची. डोळे मोठे, बाहुली गोल; ओठांवरच्या खवल्यांच्या कडा काळ्या, त्यामुळे तोंडावर पेनाने उभ्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात. शेपटीकडच्या भागावर काळसर जाळी असते. फणा नाही, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. नागही दरवेळी फणा काढत नाही. अशीच गल्लत घरात शिरणाऱ्या बिनविषारी कवड्याची विषारी मण्यारीशी आणि बिनविषारी डुरक्या घोणसाची विषारी घोणशीशी होते. ती उलट्या बाजूने झाली, तर जिवावर बेतते. म्हणून ओळखीची शंभर टक्के खात्री नसताना ‘बिनविषारीच आहे’ म्हणून हात घालणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

फडात धामण दिसली तर करायचे काहीच नसते. दोन-तीन पावले मागे सरून उभे राहावे. वाट मिळाली की ती निघून जाते. कोंडली तर मान फुगवते, घुमल्यासारखा आवाज काढते आणि झेप घेते. चावली तर विषबाधा होत नाही, पण जखम साबण-पाण्याने धुवून डॉक्टरांकडून धनुर्वाताच्या इंजेक्शनची खात्री करावी. साप नीट ओळखला नसेल, तर वेळ न घालवता सरकारी रुग्णालय गाठावे.

घरात शिरल्यास लांबून नजर ठेवून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा जवळच्या सर्पमित्राला कळवावे. 2019 आणि 2021 सारख्या पंचगंगेच्या महापुरात बिळे बुडाली, की साप उंच, कोरडी जागा शोधत वस्तीकडे सरकतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला संरक्षण आहे. तिला मारणे, पाळणे, गळ्यात घालून फोटो काढणे गुन्हा ठरतो.

जाणकार सर्पमित्र धामणीला शेपटीने लोंबकळत धरत नाही. एवढ्या लांब अंगाचा भार मणक्यावर येतो आणि घाबरलेला साप उलटून तोंडाशी येतो. आकड्याने मधले अंग सावरून, पिशवी बांधलेल्या पाइपाचे तोंड तो तिच्यापुढे धरतो. अंधारे बीळ दिसल्यासारखी ती आपणहून आत सरकते. सोडायचे तेही लांबच्या जंगलात नेऊन नव्हे, जवळच्याच शिवारात, कारण अनोळखी मुलखात तिला आसरा आणि भक्ष्य सापडणे अवघड जाते. बांधाकडे तोंड करून पिशवी जमिनीवर सोडली, की ती क्षणभर थांबते, जीभ दोन-तीनदा बाहेर काढते आणि सरीतून आत शिरते. पाचटाची सळसळ मात्र थोडा वेळ ऐकू येत राहते.