मुलं कोणाकडून शिकतात?

मध्य आफ्रिकेच्या जंगलात अका नावाची शिकारी जमात राहते. जाळं लावणं, मध काढणं, तान्हं बाळ सांभाळणं अशी रोजच्या जगण्यातली 50 कौशल्यं निवडून बॅरी ह्यूलेट आणि लुइगी लुका कावाल्ली-स्फोर्झा यांनी या लोकांना विचारलं, ‘हे तुम्हाला कोणी शिकवलं?’ दहापैकी आठ वेळा उत्तर आलं, आईनं किंवा बापानं. हा अभ्यास 1986 साली प्रसिद्ध झाला.

कावाल्ली-स्फोर्झा मुळात जनुकशास्त्रज्ञ. जनुकं फक्त आईबापांकडून येतात, संस्कृती मात्र तीन वाटांनी येते, अशी मांडणी त्यांनी मार्कस फेल्डमन यांच्यासोबत 1981 मध्ये केली होती. आईबापांकडून येते ती उभी वाट. काका-मावशी, गुरुजी, गावातली जाणती माणसं यांच्याकडून येते ती तिरपी. आणि बरोबरीच्या पोरांकडून येते ती आडवी. उभ्या वाटेनं आलेली गोष्ट सावकाश बदलते आणि घराघरात थोडी वेगळी राहते. आडव्या वाटेनं आलेली गोष्ट साथीसारखी पसरते. तिचं गणित मांडायला साथीच्या रोगांचीच समीकरणं वापरतात.

इंटरनेटनं नेमकं काय केलं, ते इथून पाहिलं की स्पष्ट दिसतं. त्यानं आडवी वाट अफाट रुंद केली. पूर्वी आळीतली आणि वर्गातली मिळून चाळीस-पन्नास पोरं ‘बरोबरीची’ असायची. आता जगातलं कुठलंही पोर बरोबरीचं होऊ शकतं.

पडद्यावर दिसलेलंही पोरापोरांत बोललं जाऊन याच वाटेनं पसरतं. तिचा जोर किती असतो, याचं एक उदाहरण इंटरनेट घरोघरी येण्याआधीचं आहे. फिजीच्या नाद्रोगा प्रांतात 1995 साली टीव्ही आला. तिथं धष्टपुष्ट शरीर चांगलं मानलं जाई, पाहुण्याला आग्रहानं जेवू घालणं ही रीत होती, आणि कोणी वाळायला लागलं तर घरचे काळजीत पडत. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी टीव्ही नुकताच आला तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत चिंताजनक गुण मिळालेल्या मुली पहिल्या वेळी 12.7 टक्के होत्या, तीन वर्षांनी 29.2 टक्के. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या गटात एकही नव्हती. दुसऱ्या गटात 11.3 टक्के होत्या. दोन्ही वेळच्या मुली वेगवेगळ्या होत्या, प्रत्येक गटात साठेकच, आणि तुलनेला टीव्ही न आलेलं गाव नव्हतं. म्हणून सगळा दोष टीव्हीवर टाकणं घाईचं ठरेल. पण मुलींच्या मुलाखती वाचल्या तर त्यांना ‘नकलाखोर’ म्हणवत नाही. पडद्यावरच्या सडपातळ बायका नोकऱ्या करतात, त्यांना मान मिळतो, तेव्हा आपणही तशा झालो तर आपलंही भलं होईल, असा त्यांचा हिशेब होता. नवं जग समोर आलं होतं, त्यात उभं राहायची ती धडपड होती. आज आपल्याकडच्या मुलामुलींना रागावताना ही बाजू आपण साफ विसरतो, याचं मला वाईट वाटतं.

बेकर यांच्याच गटानं पुढे 2011 मध्ये फिजीतल्या पाचशेहून जास्त मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलगी स्वतः टीव्ही वगैरे किती पाहते, यापेक्षा तिच्या मैत्रिणी किती पाहतात याच्याशी खाण्याच्या विकारांचा संबंध अधिक ठळक दिसला. म्हणजे एखाद्या घरात टीव्ही नसला, फोन काढून घेतला, तरी वाट बंद होत नाही. ती वर्गातून येते.

तीच आडवी वाट कधी चांगलंही घेऊन येते. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी 2001 ते 2003 या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तमिळनाडू आणि दिल्ली इथल्या 180 खेड्यांमधल्या घरांची पाहणी केली. ज्या गावांत त्या काळात केबल टीव्ही आला, तिथं नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य मानणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. बायकोला मारणं हेसुद्धा ‘परंपरेनं’ चालत आलेलंच होतं. उभ्या वाटेनं येतं ते सगळं जपण्याजोगं नसतं.

जागतिकीकरणानं सगळे एकाच साच्याचे होतील ही भीतीही तपासून पाहायला हवी. पाब्लो बेयो आणि डेव्हिड गार्सिया यांनी स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर 39 देशांत काय ऐकलं जातं ते 2017 ते 2020 या चार वर्षांसाठी पाहिलं. देशादेशांच्या आवडी एकमेकींजवळ येण्याऐवजी दूर जात होत्या. मराठी पोरांच्या फोनमध्येही कोरियन गाण्याशेजारी गावच्या जत्रेचं गाणं असतंच.

मग जातं काय? गाणं टिकतं, पण ज्या कामाभोवती ते जगत होतं ते काम जातं. जात्यावरची ओवी हे आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकापासून गावोगाव फिरून बायकांच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, सीतेचा वनवास, बाबासाहेब, काय नाही त्यांत! ही ओवी इंटरनेटनं नेली नाही. ती पिठाच्या गिरणीनं नेली, मोबाइल यायच्या कितीतरी आधी. पहाटे दोघी समोरासमोर बसून दळायच्या, एकीनं ओळ उचलली की दुसरी जोड द्यायची, आणि शेजारी अर्धवट झोपेतली मुलगी ऐकत असायची. गिरणी आल्यावर बायकांच्या खांद्यांना आराम मिळाला, त्याबद्दल कोणी हळहळू नये. पण ऐकणाऱ्या मुलीची जागा त्याच वेळी गेली, आणि तिच्यासाठी दुसरी जागा आपण केली नाही.

उलट इंटरनेटनं यातलं बरंच परत दिलं. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया म्हणजे ‘पारी’नं 2017 पासून या ओव्या आवाजासह खुल्या केल्या. आज नागपूरची किंवा न्यू जर्सीची मुलगी मुळशीतल्या आजीचा गळा ऐकू शकते. फक्त एक गोष्ट ध्वनिमुद्रणातून येत नाही. जात्यावर बसलेली बाई पाठ केलेलं तेवढंच म्हणत नव्हती, कालच्या भांडणावर आज नवी ओवी रचत होती. ती रचायची रीत शेजारी बसून, चुकत, हसत, जोड देत शिकायची असते.

अशी बसायची एक जागा अजून शिल्लक आहे. लग्नात हळद दळायला पुष्कळ घरांत जातं मांडतात, आणि म्हाताऱ्या बायका दोन-चार ओव्या म्हणतात. त्या वेळी मंडपातला डीजे अर्धा तास थांबवावा, वयात आलेल्या मुलींना आणि मुलांनाही जात्याशी बसवावं, आजीनं एक ओळ म्हणावी आणि दुसरी त्यांना जुळवू द्यावी. त्यांनी ती फोनवर टिपून मैत्रिणींना पाठवली तर फारच चांगलं.