सार्वजनिक प्राधिकरण (माहितीचा अधिकार)

सार्वजनिक प्राधिकरण : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा कायदा ज्या संस्थांना बंधनकारक आहे, त्यांच्यासाठी त्याच कायद्याने योजलेली संज्ञा. एखाद्या संस्थेने नागरिकाचा अर्ज स्वीकारायचा की नाही, अर्जांना उत्तर देणारा जन माहिती अधिकारी नेमायचा की नाही आणि आपल्या कारभाराचा तपशील आपणहून जाहीर करायचा की नाही, हे ती संस्था या संज्ञेत बसते का यावर ठरते. माहिती देण्यात विनाकारण दिरंगाई झाल्यास दररोज २५० रुपये आणि कमाल २५,००० रुपये दंड होतो, पण तो जन माहिती अधिकाऱ्याला होतो. जिथे असा अधिकारीच नेमलेला नाही, तिथे दंडाचा धाकही उरत नाही. त्यामुळे माहिती गोपनीय आहे की नाही या वादापूर्वीच, ‘हा कायदा आम्हाला लागू होत नाही’ या एका वाक्यावर अनेक अर्ज अडतात.

हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात आला. महाराष्ट्राचा स्वतःचा माहितीच्या अधिकाराचा कायदा त्याआधीच होता. केंद्रीय कायदा आल्यावर तो रद्द झाला. केंद्रीय कायद्याच्या कलम २(ज) मध्ये, म्हणजे इंग्रजी पाठातील कलम २(एच) मध्ये, सार्वजनिक प्राधिकरणाची व्याख्या आहे. संविधानाने, संसदेच्या कायद्याने, राज्य विधानमंडळाच्या कायद्याने अथवा शासनाच्या अधिसूचनेने किंवा आदेशाने स्थापन झालेली प्राधिकरणे आणि स्वराज्य संस्था तिच्यात येतात. शिवाय शासनाच्या मालकीच्या, शासनाच्या नियंत्रणाखालील किंवा शासनाकडून मोठ्या प्रमाणावर वित्तपुरवठा होणाऱ्या संस्था आणि असा वित्तपुरवठा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मिळवणाऱ्या बिगरशासकीय संस्थाही येतात. संस्था लोकोपयोगी काम करते की नाही, हा निकष या व्याख्येत कोठेही नाही. तिचा जन्म कशातून झाला आणि ती कोणाच्या पैशावर व हुकमतीवर चालते, एवढेच पाहिले जाते.

व्याख्येच्या पूर्वार्धाबद्दल फारसा वाद होत नाही. मंत्रालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, विद्यापीठ, एसटी महामंडळ, आयुर्विमा महामंडळ ही सगळी त्यात सहज बसतात. वकिलांची बार कौन्सिल शासनाच्या अनुदानावर चालत नाही, तरीही ती १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने निर्माण झालेली असल्यामुळे तिला हा कायदा लागू होतो. गोंधळ होतो तो ‘कायद्याने स्थापन झालेली’ आणि ‘कायद्याखाली नोंदणी झालेली’ यांतील फरकामुळे. तालुक्याची कृषी उत्पन्न बाजार समिती आणि तिच्या शेजारचा सहकारी साखर कारखाना या दोन्हींचे संचालक निवडणुकीने येतात, आणि गावाच्या दृष्टीने दोन्हीही ‘सहकारातल्या’च संस्था असतात. परंतु बाजार समिती १९६३ च्या पणन कायद्याने अस्तित्वात येते. तो कायदा नसता तर तीही नसती. कारखाना मात्र सभासदांनी एकत्र येऊन उभा केलेला असतो आणि १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली त्याची केवळ नोंदणी होते. म्हणून समितीला अर्ज घ्यावाच लागतो. कारखान्याच्या बाबतीत शासनाचे भागभांडवल, कर्जाला दिलेली हमी आणि प्रत्यक्ष नियंत्रण किती, हे प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे तपासावे लागते.

या फरकावर सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१३ रोजी थलप्पलम सेवा सहकारी बँक विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात शिक्कामोर्तब केले. केरळच्या सहकार निबंधकांनी २००६ मध्ये परिपत्रक काढून राज्यातील सहकारी संस्थांना हा कायदा लागू असल्याचे म्हटले होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. निबंधक लेखापरीक्षण करवतो, चौकशी लावतो, प्रसंगी संचालक मंडळ बरखास्तही करतो. पण ही देखरेख झाली, नियंत्रण नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. वित्तपुरवठ्याबाबतही कसोटी कडक ठेवली गेली : शासनाचा पैसा नसता तर संस्थेला टिकून राहणेच कठीण झाले असते, इतका तो असला पाहिजे, आणि हे सिद्ध करण्याचा भार माहिती मागणाऱ्यावर किंवा संबंधित शासनावर राहील. ज्याच्याजवळ संस्थेचे हिशेब नाहीत, त्यानेच संस्थेचा पैसा कोठून येतो हे दाखवायचे, ही यातली खरी अडचण आहे.

डीएव्ही महाविद्यालय न्यास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१९ रोजीच्या निर्णयाने ‘मोठ्या प्रमाणावर’ या शब्दांचा अर्थ काहीसा सैल केला. शासनाचा वाटा निम्म्याहून अधिकच असला पाहिजे असे नाही, आणि शहरातील मोक्याची जमीन रुग्णालयाला किंवा शिक्षणसंस्थेला फुकट अथवा मोठ्या सवलतीत दिली असेल तर तोदेखील वित्तपुरवठाच ठरू शकतो, असे न्यायालयाने सांगितले. अनुदानित शाळा-महाविद्यालयांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे, कारण तेथील शिक्षकांचे वेतन शासनाकडून येते. विनाअनुदानित शाळेच्या बाबतीत जमिनीचा सातबारा आणि मिळालेल्या सवलतींचे आदेश शोधण्यावाचून गत्यंतर नसते.

संस्था व्याख्येबाहेर राहिली तरी वाट पूर्णपणे बंद होत नाही. कलम २(च) नुसार, अन्य कोणत्याही कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरणाला खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीही ‘माहिती’च ठरते. पतसंस्थेच्या सचिवाने परत पाठवलेला अर्ज तोच मजकूर ठेवून सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाच्या नावे करता येतो. त्याचे स्वरूप साधे आहे : जोडपत्र ‘अ’चा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय आणि महाराष्ट्राच्या नियमानुसार दीडशे शब्दांची मर्यादा. लेखापरीक्षण अहवाल बहुधा त्या कार्यालयाच्या दप्तरी असतोच. नसलेली, पण कायद्याने मागवता येणारी कागदपत्रे जन माहिती अधिकारी संस्थेकडून मागवू शकतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज चुकीच्या प्राधिकरणाकडे गेला असेल, तर तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करण्याची जबाबदारी कलम ६(३) ने कार्यालयावर टाकली आहे. धर्मादाय रुग्णालयांमधील निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटांची माहिती याच रीतीने धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून मागता येते. कायद्याच्या कलमांवर वाद घालत बसण्यापेक्षा हा मार्ग बहुतेक वेळा लवकर फळाला येतो.

अमेरिकेतील १९६६ चा संघीय माहिती कायदा तेथील काँग्रेसला आणि न्यायालयांना लागू होत नाही. भारतीय कायद्याने मात्र विधिमंडळे व न्यायालये दोन्ही कक्षेत घेतली आहेत. सरन्यायाधीशांचे कार्यालय हा सर्वोच्च न्यायालयाचाच भाग असल्याने त्यालाही कायदा लागू होतो, असा निर्णय पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी दिला. राजकीय पक्षांच्या बाबतीत कागद आणि वस्तुस्थिती यांत मोठे अंतर आहे. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना सार्वजनिक प्राधिकरण ठरवले, पण पक्षांनी तो आदेश पाळला नाही. पीएम केअर्स निधी या व्याख्येत येत नाही, अशी भूमिका पंतप्रधान कार्यालयाने २०२० मध्ये घेतली.

व्याख्येत बसूनही सूट मिळालेल्या संस्थांचा एक वेगळा गट आहे. कलम २४ आणि दुसरी अनुसूची यांनुसार गुप्तवार्ता विभाग, रॉ यांसारख्या गुप्तवार्ता व सुरक्षा संघटना वगळलेल्या आहेत. सीबीआयला २०११ मध्ये या यादीत घालण्यात आले. भ्रष्टाचाराचे आणि मानवी हक्कभंगाचे आरोप असतील, तर त्यासंबंधीच्या माहितीपुरती ही सूट चालत नाही.

सभा खुल्या ठेवण्याबाबत मात्र भारतात असा सर्वव्यापी कायदा नाही. अमेरिकेत दस्तऐवजांसाठी आणि सभांसाठी स्वतंत्र कायदे आहेत. येथे सभांविषयीच्या तरतुदी त्या त्या संस्थेच्या कायद्यात विखुरलेल्या आहेत. ग्रामसभेत गावचे मतदार सदस्य म्हणूनच बसतात. मुंबई महानगरपालिकेची सभा, उपस्थित सदस्यांच्या बहुमताने अन्यथा ठरवले नाही तर, १८८८ च्या अधिनियमानुसार जनतेला खुली असते. माहिती अधिकाराचा कायदा या बाबतीत फार तर विचारणा करतो : कलम ४(१)(ख) नुसार प्रत्येक प्राधिकरणाने सतरा बाबी प्रसिद्ध करायच्या असतात, आणि आपल्या मंडळांच्या व समित्यांच्या सभा लोकांसाठी खुल्या आहेत का, त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात का, ही त्यांतील एक बाब आहे. ‘खुल्या नाहीत’ एवढे लिहिले तरी ही अट पुरी होते, आणि कार्यालयांच्या तक्त्यांत या रकान्यापुढे ‘निरंक’ असा शेराही आढळतो. इतिवृत्त हा मात्र अभिलेख आहे. त्यामुळे बंद दाराआड झालेल्या सभेचे इतिवृत्तही, त्यातील मजकूर माहिती नाकारण्याची मुभा देणाऱ्या कलम ८ च्या अपवादांत येत नसेल तर, अर्ज करून मिळवता येते.