मूल स्वतःचा ठेका रचतं तेव्हा
पालकांसाठी माहिती

आमच्या तालवर्गात वाद्य लागत नाही. टाळी, चुटकी, मांडीवरची थाप आणि पायाचा ठोका, एवढ्यावर मुलं छोटासा ठेका रचतात आणि न थांबता फिरवत राहतात. पाश्चात्त्य संगीतात याला ऑस्टिनाटो म्हणतात. संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या शिक्षणपद्धतीत हे चार आवाज फार महत्त्वाचे. पायाचा आवाज सर्वांत खालचा, चुटकीचा सर्वांत वरचा, त्यामुळे मुलांना उंच-खालचा फरक अंगानेच कळतो.

सुरुवात बोलांनी होते. ‘गाडी आली, थांब’ हे चार मात्रांत म्हणून पाहा. पहिल्या मात्रेत गा-डी, दुसरीत आ-ली, तिसरीवर थांब, चौथी रिकामी. आता तेच वाजवा: मांडीवर दोन जलद थापा, पुन्हा दोन, एक टाळी, मग गप्प. हळूहळू बोल मनातच म्हणायचे.

कस लागतो तो त्या रिकाम्या मात्रेत. पहिल्यांदा ती सगळ्यांना जमते. दोन-तीन आवर्तनं झाली की मुलं ती गिळतात आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, लवकर येते. ‘घाई करू नकोस’ सांगून फरक पडत नाही. आम्ही त्या मात्रेवर दोन्ही हात उघडून बाजूला न्यायला सांगतो. शांततेलाही हालचाल मिळाली की ती पुरती पाळली जाते.

मग कागदावर चार चौकोन आखतो. कुठल्या आवाजाला कुठली खूण, हे मुलांनीच ठरवायचं. नवं मूल बहुधा चारही चौकोन वेगवेगळ्या आवाजांनी गच्च भरतं. आम्ही खोडत नाही, आठ वेळा सलग वाजवायला सांगतो. चुटकीवरून पुन्हा पायावर येताना तारांबळ उडाली की तेच एखादा चौकोन मोकळा करतं. हा निर्णय त्याचाच असावा, असा आमचा आग्रह आहे. रचना शिकणं इथेच घडतं.

पुढे दोन ठेके एकत्र. एक गट पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पाय वाजवतो, दुसरा त्यावर आपला ठेका धरतो.

लहानग्यांना चुटकी वाजत नसेल तर दोन बोटं तळहातावर आपटली तरी चालतं. वर्गाला येताना घड्याळ, अंगठी नको.

कागद घरी आला की ‘वाजवून दाखव’ म्हणण्याआधी त्यावरच्या खुणा बघून तुम्ही वाजवा. चुकलात तर मूल दुरुस्त करेल, करू द्या.